डावीकडे कललेली नाटकं

आमच्या दर्यापूरच्या बसस्टँडसमोर एक फ्लेक्स लागलेला आहे. वर लिहिलंय, 'आपल्या मातीतले कलावंत'. खाली चार फोटो. सगळ्यात मोठा फोटो सिरीयलमधल्या हवालदाराचा. तो खरंच आमच्या गावचा. त्याच्या बाजूला एक मुलगी. ती केसांच्या तेलाच्या जाहिरातीत होती. जाहिरातीत तिचे केस दिसतात, पाठ दिसते; चेहरा आम्ही फ्लेक्सवरच पहिल्यांदा पाहिला. तिसरा पोट्टा मोबाइलवर सासवांचे आवाज काढतो. चौथा कोण आणि त्याने कशात काम केलं, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. फ्लेक्सचा खर्च त्याच्या काकांनी केला, एवढं गावाला माहीत आहे.

माझे बाबा त्या फ्लेक्सवर नाहीत. ही तक्रार नाही. बाबांना फोटोची हौस कधीच नव्हती. ते म्हणायचे, "फोटो तं मेल्यावरबी लावतात लोकं. माणसाचा आवाज राह्यला पायजे." आयुष्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपला आवाज एकदा पडद्यावरून यावा. मी मोबाइलवर त्यांचा आवाज कितीदा तरी भरून ठेवला, पण ते हाताने उडवून लावायचे. "हे घरचं हाय बाई. घरचा आवाज घरातच राह्यते."

बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. त्या रेच्यांवर कापूस टाकायचं काम. दिवसभर असा खडखडाट की शेजारच्या माणसाशीही हातवाऱ्यांनीच बोलायचं. संध्याकाळी अंगावरची रुई झटकली की बाबा थेट तालमीला. आमच्या पुऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, जयंतीच्या आठवड्यात नाटक व्हायचं, समाजमंदिरासमोरच्या ओट्यावर. नाटकं आमच्याच लोकांनी लिहिलेली. बाया अमरावतीहून ठरवून आणायच्या, बाकी सगळी पुऱ्यातली मंडळी. बाबा कधी सुभेदार व्हायचे, कधी सावकार, कधी म्हातारे मास्तर. माइक चालू असो की बंद, त्यांचा आवाज शेवटच्या रांगेच्याही पलीकडे जायचा. तिथे पाणीपुरीची गाडी लावणारा म्हणायचा, "बुवा बोलायले लागले का माही घंटी कोणाले ऐकू येत नाई. धंदा बसवते हा माणूस."

पण बाबांना वाचता येत नव्हतं. मंडळीतल्या बहुतेकांना येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना पाठ करायला वेळ नव्हता. म्हणून आमच्याकडे नाटक पाठ करायची रीतच नव्हती. विंगेत प्रॉम्प्टर उभा राहायचा. आमचे लोक त्याला पामटर म्हणतात. तो वहीतून वाक्य वाचायचा, नटाने ते झेलायचं आणि प्रेक्षकांकडे फेकायचं. एखादं विसरलेलं वाक्य नव्हे, अख्खं नाटक. पहिल्या शब्दापासून पडदा पडेपर्यंत.

पहिले पामटर एक गुरुजी होते. त्यांची बदली झाली आणि वही माझ्या हातात आली. मी नववीत होते. कारण साधं होतं, पुऱ्यात न अडखळता वाचणारी मीच होते. कोणीतरी बाबांना म्हणालं, "पोरीले कायले नाटकात घालून राह्यला?" बाबा म्हणाले, "ते कुठी नाटकात हाय? ते तं पडद्यामांगं हाय." विषय संपला. पुढे मी अमरावतीला राहून बी.ए. केलं, एम.ए. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. आज अकोल्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. हे मी मान वर करून सांगते. पण वाचता येण्याचा मान म्हणजे काय, ते मला त्या विंगेत कळलं. मी थांबले की सुभेदार थांबायचा.

पामटरकीची एक पद्धत असते. वाक्य सपाट द्यायचं. त्यात भाव टाकायचा नाही, भाव नटाचा. वाक्य लांब असेल तर मोडून द्यायचं, पण अशा जागी की नटाला श्वास मिळाला पाहिजे. आणि नटाला ऐकायला जो वेळ लागतो, त्या वेळात त्याने नुसतं उभं राहायचं नाही. बाबांनी मंडळीतल्या सगळ्यांना शिकवलं होतं, वाक्य येत असताना खाली पाहायचं, शेला नीट करायचा, नाही तर पट्टा वर ओढायचा, मग हळूच मान वर करून बोलायचं. पाहणाऱ्याला वाटतं, माणूस विचार करतोय. खरं म्हणजे माणूस ऐकत असतो.

आमच्या गावातून जे जे नट बाहेर गेले, त्यांच्या अंगात ही खोड आहे. हवालदाराच्याही. सिरीयलमध्ये तो दर वाक्याआधी खाली पाहतो, पट्टा ओढतो, मान वर करतो आणि बोलतो. एका मुलाखतीत त्याला विचारलं, तुमचा हा पॉज फार गाजतोय, हा कुठून आला? तो म्हणाला, "निरीक्षणातून." आम्ही घरात टीव्हीसमोर बसलो होतो. आई म्हणाली, "निरीक्षण कायचं? ह्या पोट्ट्याले वाक्य द्यायला मी तुमच्या पोरीले जेवतं उठवलं होतं."

तो आमच्या पुऱ्यातला नाही. गावात त्यांचा माडीचा बंगला आहे, गावाबाहेर काळ्या मातीचं वावर आहे. कॉलेजात असताना नाटकाच्या वेडाने तो आमच्याकडे यायचा, आणि त्यावरून त्याने वडिलांचा मारही खाल्ला आहे. बाबांना तो मामा म्हणायचा. बाबांनी त्याला उभं राहायला शिकवलं, हे तो आम्हाला फोनवर नेहमी सांगतो. मुलाखतीत सांगतो की गावात गणपतीत नाटकं करायचो. गणपतीत त्याने नाटक केलेलं कोणाला आठवत नाही. बाबांना मी हे दाखवलं तर म्हणाले, "जाऊ दे वं. पोट भरून राह्यला ना तो."

मग बाबांचे कान जायला लागले. रेच्यांनी खाल्ले, दुसरं काय. आधी उजवा गेला. डाव्याने ऐकू यायचं, म्हणून मी डाव्या विंगेत उभी राहायला लागले, आणि बाबा हळूहळू डावीकडे सरकायला लागले. ते मुख्य नट, ते सरकले की बाकीचेही सरकणार. दोन-तीन वर्षांत आमची नाटकं पार डावीकडे कलली. राजदरबार डावीकडे, कोर्ट डावीकडे, मरणाचा प्रवेश तर जवळजवळ विंगेतच. उजवीकडे नुसतं रिकामं सिंहासन. लोक शहाणे; ते आधीपासून त्या बाजूला सतरंज्या टाकून जागा धरायचे. पुढे मला इतक्या मोठ्याने वाक्य द्यावं लागायला लागलं की ते लोकांना दोनदा ऐकू यायचं, एकदा माझ्या तोंडून आणि एकदा बाबांच्या. पोट्टे हसायचे. एका जयंतीला मंडळाने बाबांना उद्घाटनाचा हार घातला आणि भूमिका दुसऱ्याला दिली. बाबा समोर खुर्चीवर बसले, पूर्ण नाटकभर.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हवालदाराचा फोन आला. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात वेबसिरीजचं शूटिंग आहे. तो त्यातही हवालदारच. एका सीनमध्ये एक म्हातारा ठाण्यात येतो, मुलगा हरवल्याचं सांगायला. पाच वाक्यं आहेत. "पामटरबाई," तो मला म्हणाला, "मामाले आणजो. मी डायरेक्टरले सांगितलं, असा आवाज तुम्ही ऐकला नसेल."

बाबांना हे मी कानाशी ओरडून सांगितलं. ते खाली पाहू लागले, सदऱ्याचं खालचं बटण चाचपलं, मग मान वर केली. "पाच?" म्हणाले. "पाच लय झाले."

वाक्यं मोबाइलवर आली. पहिल्याची सुरुवात होती, 'मायबाप सरकार'. बाबा म्हणाले, "मायबाप कायले? साहेब म्हण, पुरे." तेवढं त्यांनी बदललं. मग वाक्यं अशी झाली:

साहेब, माहा पोरगा सकाळी चाय पिऊन गेला, तो आला नाई. त्याच्या पायात निळी चप्पल हाय. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. तुमी नुसतं पाहून सांगा, हाय का नाई. मी बाहीर बसतो, मले घाई नाई.

ती त्यांना पाठ झाली. माणसाला वाचता येत नाही म्हणजे आठवत नाही असं थोडंच असतं. पण गाडी सुरू होत नव्हती. मी "साहेब" म्हटलं की ते पाचही वाक्यं घडघडा म्हणायचे. मी गप्प बसले की तेही गप्प. नुसते नाही, अगदी तयारीत गप्प; खाली नजर, बटणावर हात, कान डावीकडे. जन्मभर आवाज आला की बोलायचं, ही सवय. मी आवाज सोडून पाठीवर हात ठेवून पाहिला. हात ठेवला की सुरू व्हायचे. मला वाटलं, जमलं.

आम्ही आदल्या दिवशी अमरावतीला मुक्काम केला आणि सकाळच्या बसने गेलो. गावातली जुनी शाळा पोलीस ठाणं केली होती. हेडफोन गळ्यात घातलेली एक मुलगी आली, चांगली होती, बाबांना वाकून नमस्कारही केला. मी तिला सांगितलं, मला त्यांच्या मागे उभं राहावं लागेल, नुसता पाठीला हात लावायला. ती म्हणाली, "नाही ना ताई, मागे खिडकी आहे, फ्रेममध्ये सगळं दिसतं. आणि आवाज इथेच रेकॉर्ड होतो, त्यामुळे कुणी बोलायचंही नाही." बाबांनी मला खुणेने विचारलं, काय म्हणते? मी खुणेने सांगितलं, सगळं ठीक आहे.

पहिल्यांदा कॅमेरा चालू झाला. टेबलाच्या एका बाजूला हवालदार, दुसऱ्या बाजूला बाबा. सगळीकडे शांतता. बाबांनी खाली पाहिलं, बटणाला हात लावला, आणि थांबले. थांबलेच. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते, माझ्या तोंडात 'साहेब' हा शब्द तयार होता आणि मी दात आवळून धरले होते. "कट." पुन्हा. पुन्हा तसंच. हवालदार उठून आमच्याकडे आला. "काहून, काय झालं मामाले? पाठ तं आहे ना?" मी त्याला पाठीवरच्या हाताचं सांगितलं. तो हसला. "एवढंच ना? मी टेबलाखालून पाय दाबतो. पाय कुठी दिसते?" मी बाबांच्या कानाशी जाऊन सांगितलं, पायाला पाय लागला की बोला. बाबांनी मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, ते मला नक्की सांगता येणार नाही. माझा समज आहे की नुसतं 'बोला' ऐकू आलं.

पुन्हा शांतता. टेबलाखाली हवालदाराने बाबांच्या पायावर पाय दाबला.

बाबा चमकले. आपलाच पाय समोरच्याला लागला असं त्यांना वाटलं. पाय लागला की आपण काय करतो? लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले, टेबलाखाली वाकले, हवालदाराच्या बुटाला हात लावला आणि तो हात छातीला लावला. "पाय लागला भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले.

"कट," डायरेक्टर म्हणाला, आणि मग उभाच राहिला. "अरे, हे काय होतं? कमाल होतं हे. म्हातारा येतो आणि काही न बोलता हवालदाराचे पाय धरतो. वाक्यांची गरजच नाही. बाबा, हेच परत करा."

हवालदार माझ्याकडे पाहत नव्हता. पट्टा ओढत होता.

माझ्या बाबांनी आम्हाला कोणापुढे वाकायचं नाही, हे बोलून शिकवलं नाही. ते जिनिंगच्या मालकाशी बोलतानाही ताठ उभे राहायचे, आम्ही ते पाहिलं. मी पुढे गेले आणि म्हटलं, "ते पुन्हा वाकणार नाहीत. ती चूक होती. पाय लागला म्हणून झालं. सीनमध्ये नाही घ्यायचं."

डायरेक्टर म्हणाला, "मॅडम, हे कॅरेक्टर आहे."

"असेल. कॅरेक्टर साहेब म्हणतं. पाय धरत नाही."

बाबा एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होते. भांडण कशाचं चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. हवालदार शेवटी बोलला, "सर, राहू द्या. गाव माझं आहे, मला परत तिथे जायचं असतं." त्याच्याबद्दल मी बरंवाईट खूप बोलते, पण त्या दिवशी तो हे बोलला, हेही सांगितलं पाहिजे. डायरेक्टरने खांदे उडवले. मग म्हणाला, ठीक आहे, आजोबांना नुसतं बसू द्या, मी चेहरा घेतो. आवाज नंतर डबिंगला भरू, मुंबईला बोलावू.

डबिंग म्हणजे काय, ते मी बाबांना बसमध्ये समजावलं. कानाला यंत्र लावतात, त्यातून आपलं वाक्य ऐकू येतं, ते ऐकायचं आणि म्हणायचं. बाबांचा चेहरा उजळला. "म्हंजे पामटर कानातच?" मी म्हटलं, हो. "मंग हे आधी कावून नाई सांगितलं येड्यांनं?" आणि अमरावतीपर्यंत ते खुशीत होते. माझ्या आठवणीत ते एवढा वेळ खुशीत असल्याची ती शेवटची वेळ.

मुंबईहून फोन येईल म्हणून आम्ही तयारी सुरू केली. कान आणखी जात होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी मशीन दिलं, ते कानात कुईकुई करायचं. बाबा ते खिशात ठेवायचे. मी शनिवारी घरी यायची आणि अंगणात उभी राहून ओरडायची, "साहेब, माहा पोरगा सकाळी चाय पिऊन गेला!" बाबा म्हणायचे. "त्याच्या पायात निळी चप्पल हाय!" बाबा म्हणायचे. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडायची, "अवं, सापडला का नाई वं तो पोरगा? चार महिने झाले, चाय थंडी झाली असंन!" बाकीच्या दिवशी मी नसायची, तेव्हा गल्लीतले पोट्टे बाबांच्या पुढ्यात उभे राहून वाक्यं द्यायचे. आधी चिडवायला, मग खेळ म्हणून, मग सवयीने. शाळेत जाताना एक जण ओरडायचा, "तुमी नुसतं पाहून सांगा!" दुसरा म्हणायचा, "हाय का नाई!" आमच्या गल्लीला ती वाक्यं राष्ट्रगीतासारखी पाठ झाली.

मी हवालदाराला फोन करत होते. आधी तो म्हणाला, डायरेक्टर बाहेरगावी आहे. मग म्हणाला, बाकीच्यांचं डबिंग चाललंय, म्हाताऱ्यांचं शेवटी करतात. मग फोन उचलेनासा झाला, मेसेजला निळ्या खुणा येत राहिल्या. बाबा रोज विचारायचे नाहीत. शनिवारी मी बॅग ठेवली की फक्त माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहायचे. मी नाही अशी मान हलवली की चपला घालून अंगणात यायचे, तालमीला.

एक दिवस हवालदाराचा आवाज भरलेला मेसेज आला. "बाई, सिरीज येऊन राह्यली या शुक्रवारी. मामाचा सीन पाहा. रडसान. आमच्या इथी सगळे फिदा आहेत." मी लिहिलं, आवाज कोणाचा घेतला? उत्तर आलं नाही. मी मनाशी म्हटलं, घेतलाच नसेल कोणाचा. किंवा दुसऱ्याचा घेतला असेल. दोन्हींपैकी काहीच बाबांना सांगायचं धाडस मला झालं नाही. खरं काय ते कळल्याशिवाय काय सांगणार?

रविवारी दुपारी समाजमंदिरात पाहायचं ठरलं. मंडळाचा मोठा टीव्ही होता. उजेड नको म्हणून खिडक्यांना चादरी बांधल्या. बाया, माणसं, पोट्टे, सगळा पुरा लोटला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली, मी बाजूला. आई मागे बायांत. कानातलं मशीन त्यांनी त्या दिवशी लावलं, आणि गर्दीच्या कलकलाटात ते कुई करायला लागल्यावर काढून खिशात टाकलं.

पाय धरायचा भाग त्यांनी वापरला असेल तर काय, ही भीती मला होती. ठाण्याचा सीन आला. तो भाग नव्हता. मी श्वास सोडला.

मग बाबा आले. पूर्ण टीव्हीभर त्यांचा चेहरा. पुऱ्यात एकच गलका झाला. चेहरा खाली झुकलेला, मग किंचित डावीकडे वळलेला. डोळे कशावर तरी लागलेले, कोणीतरी आता काही सांगेल म्हणून. कॅमेरा हलत नव्हता. पुढे लोकांनी त्या चेहऱ्याबद्दल खूप लिहिलं. मुलगा हरवलेल्या बापाची वेदना वगैरे. असेल. मला मात्र दिसत होतं की तो माणूस माझी वाट पाहतोय, आणि मी कॅमेऱ्यामागे दात आवळून उभी आहे.

बाबांचे ओठ हलले नाहीत. आणि तेवढ्यात मागून एक पोट्टा ओरडला, "साहेब, माहा पोरगा सकाळी चाय पिऊन गेला!" दुसरे त्याला मिळाले, "तो आला नाई!" मग बायाही मिळाल्या, शेजारीणही. "त्याच्या पायात निळी चप्पल हाय!" कोणी शिकवलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. अख्खं समाजमंदिर पडद्याकडे पाहून त्या चेहऱ्याला वाक्यं देत होतं. पडद्यावर हवालदाराने पट्टा ओढला, मान वर केली आणि स्वतःच म्हणाला, "पोरगा हरवला ना? निळी चप्पल?" म्हातारा नुसता पाहत राहिला. सीन संपला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

बाबांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळ्यांची तोंडं हलताहेत, सगळे टाळ्या वाजवत आहेत, आईच्या डोळ्यांना पदर. त्यांचा चेहरा फुलला. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, मोठ्याने, कारण आता ते सगळंच मोठ्याने बोलायचे, "आला? माहा आवाज आला? मले तं नाई आला ऐकू. कसा होता?"

टाळ्या थांबल्या. सगळा पुरा माझ्याकडे पाहायला लागला. मागून कोणीतरी कुजबुजलं, "हो म्हण वं बाई, हो म्हण." सोपं होतं. नुसती मान हलवायची होती.

पण मी त्यांना कधी खोटं वाक्य दिलं नव्हतं. वहीत जे असेल ते. लोकांना आवडो, न आवडो.

मी हळू म्हटलं, "नव्हता, बाबा."

"आं?"

"नव्हता!"

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. अशी गोष्ट कानात सांगायची असते, पण त्यांचा कान आता तेवढा उरला नव्हता. मी उभी राहिले आणि अंगणात ओरडायची तशी, सपाट, भाव न टाकता ओरडले, "आवाज नव्हता!"

बाबांनी खाली पाहिलं. सदऱ्याच्या खालच्या बटणाला हात लावला. मग हळूच मान वर केली, मागे बसलेल्या सगळ्या लोकांकडे वळून पाहिलं, आणि त्यांच्या त्या आवाजात, जो माइकशिवाय शेवटच्या रांगेच्या पलीकडे जायचा, म्हणाले,

"आवाज नव्हता."

मग त्यांनी कान पुन्हा माझ्याकडे केला. पुढचं वाक्य मी देईन म्हणून ते थांबून राहिले.